मागे कोणी बसणार असेल तर बाइकच्या सस्पेन्शनमध्ये नेमकं काय बदलायचं?

मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, एक-दोन खाचा वाढवा. पुढच्या फोर्कला सहसा हात लावावा लागत नाही. मागे बसणाऱ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं. स्प्रिंग दबून बाइक मागून बसते, हेडलाइट वर बघायला लागतो, हँडल हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर जाते आणि स्पीडब्रेकरवर खाली ‘ठक्क’ वाजतं. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे कॉलर (प्रीलोड बदलायची फिरती कडी) एकाच खाचेवर हवी, हे बरेच जण विसरतात. गाडीसोबत मिळणाऱ्या टूलकिटमधला आकडी पाना त्यासाठीच असतो. अंदाज असा: दोघं बसल्यावर शॉकअप त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावा. रिबाउंडचा (दबलेली स्प्रिंग परत किती वेगाने उसळते ते ठरवणारा) स्क्रू असेल तर तोही किंचित आवळा, नाहीतर खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा.

मात्र प्रीलोडने बाइकची उंची सावरते, स्प्रिंग कडक होत नाही. शेवटच्या खाचेवरही गाडी खाली आपटत असेल तर जास्त कडक स्प्रिंगच टाकावी लागेल. एकटे चालवताना सेटिंग परत मूळ खाचेवर आणा.