लिब्रेऑफिसमध्ये जमवलेले मराठी शब्द संगणकात नेमके कुठे साठवलेले असतात?

‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला लिब्रेऑफिस या विनामूल्य ऑफिस-सॉफ्टवेअरचा फोल्डर नव्या लॅपटॉपवर आणूनही रायटर या त्यातील लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये शुद्धलेखन तपासणीसाठी चार वर्षे जमवलेले शब्द आणि ऑटोकरेक्टच्या (चुकीचा शब्द आणि त्याजागी आपोआप येणारा शब्द अशा) जोड्या आल्या नाहीत, असे आपण लिहिले आहे. त्या फोल्डरमध्ये केवळ सॉफ्टवेअर असते. आपण केलेले बदल विंडोज प्रत्येक वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’ या फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे ठेवते, आणि तो लपवलेला असल्यामुळे सहसा नजरेस पडत नाही.

जुन्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत अॅपडेटा हा शब्द रोमन अक्षरांत, आधी आणि नंतर टक्क्याचे चिन्ह जोडून, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. जो फोल्डर उघडेल त्यात ‘लिब्रेऑफिस’, त्यात ‘४’ आणि त्यात ‘युजर’ असा क्रम सापडेल. २०२४ पासून आवृत्त्यांना २४.२ असे वर्षावरून क्रमांक मिळू लागले, तरी या फोल्डरचे नाव ‘४’ हेच राहिले आहे. तो जुना समजून पुसू नये.

आपले शब्द ‘वर्डबुक’ या उपफोल्डरमधील ‘स्टँडर्ड’ नावाच्या, डिक प्रकारच्या फाइलमध्ये आहेत. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी: वर चार ओळी फाइलच्या माहितीच्या, चौथीत नुसत्या तीन आडव्या रेघा, आणि त्याखाली एका ओळीवर एक याप्रमाणे आपणच टाकलेली गावांची नावे, आडनावे, पारिभाषिक शब्द. मी मुद्रितशोधनाचे काम करतो. एकदा दुरुस्तीच्या दुकानात विंडोज नव्याने टाकताना माझ्या ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत घेतली गेली, पण या फाइलची नाही, आणि कित्येक महिन्यांची वेचणी गेली. म्हणूनच हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

ऑटोकरेक्टच्या जोड्या ‘ऑटोकॉर’ या उपफोल्डरमध्ये भाषेनुसार वेगवेगळ्या फाइलींत असतात. मराठीच्या फाइलीच्या नावात ‘एमआर-आयएन’ ही अक्षरे असतात. मात्र आपल्या मजकुराची भाषा नकळत हिंदी ठेवलेली असेल, तर त्या जोड्या ‘एचआय-आयएन’ असलेल्या फाइलीत सापडतील.

नव्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस एकदा उघडून पूर्ण बंद करावे आणि मगच या फाइली त्याच जागी ठेवाव्यात, कारण ते चालू असताना ठेवलेल्या फाइलीवर त्याच्या स्मृतीतला मजकूर पुन्हा लिहिला जाण्याची शक्यता असते. ‘रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स’ ही एक्ससीयू प्रकारची फाइल मात्र मी नेत नाही. पर्यायांमधील बहुतेक सगळी निवड तिच्यात असते हे खरे, पण जुन्या यंत्रावरील फाइलींचे मार्ग आणि खिडक्यांची मापेही तिच्यातच असतात.

लिनक्सवर हाच ‘युजर’ फोल्डर सहसा होम फोल्डरमधील लपलेल्या ‘कॉन्फिग’मध्ये असतो, आणि मॅकवर ‘लायब्ररी’तील ‘अॅप्लिकेशन सपोर्ट’मध्ये.

दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरची जागा शोधायची असेल, तर त्यात एखादी लहानशी सेटिंग बदलून ते बंद करावे आणि ‘अॅपडेटा’मध्ये बदलाच्या वेळेनुसार फाइली लावाव्यात, त्या मिनिटाला बदललेली फाइल बहुधा हवी तीच असते. तशी एकही दिसली नाही, तर मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे विनामूल्य साधन चालवून फक्त त्या सॉफ्टवेअरच्या लिहिण्याच्या नोंदी वेगळ्या काढून पाहाव्यात. सेटिंग फाइलीत न जाता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, जात असेल, तर तेही तिथेच दिसते.