रशिया सोव्हिएत काळातली विमानं आणि बॉम्ब 'आधुनिक' कसे करते? हे खरं आधुनिकीकरण की नुसती रंगरंगोटी?

दोन्ही. पण रंगरंगोटी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी ओझरच्या विमान कारखान्यात वायरिंगचं काम केलं. मिगवर सुरुवात, सुखोईवर निवृत्ती. ओव्हरहॉलला आलेलं विमान एकदा पूर्ण उघडलेलं पाहिलं की 'जुनं विमान' हा शब्दच ढोबळ वाटायला लागतो. रंग उतरवलेला, इंजिन बाहेर काढलेलं, पॅनेलं मांडणीवर, तारांचे जुडगे लोंबताहेत आणि मधे नुसता सांगाडा. त्या सांगाड्याचं वय वेगळं, इंजिनाचं वेगळं, रडारचं वेगळं. मिग-21 बायसन तसंच होतं: बाहेरून तेच जुनं मिग, नाकात मात्र नवं कोप्यो रडार आणि पंखाखाली आर-77 क्षेपणास्त्र.

तेव्हा प्रश्न असा धरा की अक्कल कुठे बसवायची, विमानात की बॉम्बमध्ये? रशियानं आधी विमानात बसवली. सुखोई-24 या जुन्या बॉम्बफेकी विमानावर एसव्हीपी-24 नावाची संगणकप्रणाली चढवली. ती ग्लोनास, म्हणजे रशियाच्या जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा, शिवाय उंची, वेग, वारा सगळं धरून बॉम्ब नेमका कुठल्या क्षणी सोडायचा ते काढते. बॉम्ब तोच, मुका लोखंडी. 2015 पासून सीरियात हेच वापरलं. स्वस्तात काम होत होतं, कारण समोरच्यांकडे उंचावरचं विमान पाडायला फारसं काही नव्हतं.

युक्रेनमध्ये हे गणित फसलं. मुका बॉम्ब टाकायचा तर लक्ष्याच्या डोक्यावर जावं लागतं, आणि 2022 मध्ये तिथे वर गेलं तर मोठी क्षेपणास्त्रं, खाली उतरलं तर खांद्यावरची. युक्रेनमधल्या चेर्निहिव शहरावर मार्च 2022 मध्ये सुखोई-34 पाडलं गेलं, तेही असेच मुके बॉम्ब घेऊन आलेलं. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनचे संरक्षणमंत्री बेन वॉलेस म्हणाले होते की पाडलेल्या सुखोई-34 मध्ये डॅशबोर्डला टेपनं चिकटवलेले जीपीएस सापडले. वायरिंगवाल्या माणसाला हे ऐकून हसावं की रडावं कळेना.

मग अक्कल बॉम्बच्या पाठीवर आली. याला यूएमपीके म्हणतात. फॅब-500 एम-62, म्हणजे 1962 च्या आराखड्याचा 500 किलोचा बॉम्ब. त्यावर पट्ट्यांनी आवळून एक लांबट पेटी बसवतात. पेटीत घडीचे पंख, उपग्रहावरून जागा ओळखणारा रिसीव्हर आणि शेपटीकडचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी. फोटो नीट बघा, फिनिशिंग अगदी गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातलं वाटतं. पण विमान उंचावरून, वेगात, आघाडीपासून मागे राहून बॉम्ब सोडतं आणि तो पंख उघडून 50-60 किलोमीटर तरंगत जातो. वैमानिक तोवर वळून घराकडे निघालेला असतो. 2023 च्या सुरुवातीपासून हे दिसू लागलं, पुढे 1500 किलोच्या बॉम्बवर आलं, 2024 मध्ये 3000 किलोच्या. पूर्व युक्रेनमधलं अवदीइवका शहर पडण्यात या बॉम्बचा मोठा हात होता.

चुकाही ठळक आहेत. 20 एप्रिल 2023 ला एका सुखोई-34 नं रशियाच्याच बेल्गोरोद शहरात बॉम्ब पाडला. चौकात वीसेक मीटरचा खड्डा. शिवाय युक्रेनचं जॅमिंग, म्हणजे उपग्रहाचे संकेत दाबून टाकणं, सुधारलं की बॉम्ब भरकटतात. म्हणून रशियानं कोमेता नावाचे जॅमिंगला दाद न देणारे अँटेना घातले, आणि त्यातल्या घटकांची संख्या वाढवतच नेली. ही झटापट अजून चालू आहे.

मिग-31 चं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण तिथे विमानाचं कामच बदललं. 1975 मध्ये पहिलं उड्डाण केलेलं हे शत्रूची विमानं अडवणारं विमान. एका शाखेत, मिग-31बीएम मध्ये, रडार सुधारलं आणि 300 किलोमीटर पल्ल्याचा दावा असलेलं आर-37एम हे हवेतून हवेत मारा करणारं क्षेपणास्त्र दिलं. दुसऱ्या शाखेत, मिग-31के मध्ये, हवाई लढाईची शस्त्रं काढून टाकली आणि पोटाखाली किंजाल टांगलं. किंजाल म्हणजे जमिनीवरून डागल्या जाणाऱ्या इस्कंदर क्षेपणास्त्राचा नातेवाईक. उंची आणि सुरुवातीचा वेग विमान देतं, म्हणजे विमानच रॉकेटचा पहिला टप्पा झालं. पुतिन यांनी मार्च 2018 मध्ये याची भलतीच जाहिरात केली. मे 2023 मध्ये कीववर अमेरिकी पेट्रिअट हवाई संरक्षण यंत्रणेनं एक पाडलं, तेव्हा 'अजिंक्य' वगैरे भाषा जरा खाली आली.

टीयू-95 तर 1952 चं पंख्यांचं (प्रॉपेलरचं) बॉम्बफेकी विमान. सध्याची एमएस विमानं 1980 च्या दशकातली. नवं ख-101 क्षेपणास्त्र इतकं लांब आहे की पोटातल्या कप्प्यात मावतच नाही, म्हणून पंखांखाली खांब लावून आठ टांगतात.

आपल्याशी थेट नातं असलेली गोष्ट म्हणजे सुखोई-30एसएम. रशियानं भारतासाठी सुखोई-30एमकेआय बनवलं, ओझरला त्यांची जुळणी झाली, आणि 2012 मध्ये रशियानं त्याच घराण्याचं विमान स्वतःसाठी मागवलं. निर्यातीचा माल उलटा घरी आला. पुढे एसएम2 मध्ये सुखोई-35 चं इंजिन बसवलं. आणि उलट दिशेनं, नाशिकमध्ये सुधारलेल्या एमकेआयवरून नोव्हेंबर 2017 मध्ये अडीच टनांचं ब्राह्मोस डागलं गेलं.

आता रंगरंगोटीचा भाग. ख-101 च्या अवशेषांत पाश्चात्त्य मायक्रोचिप सापडतात, म्हणजे अक्कल बरीचशी बाहेरून येते. टीयू-160 या बॉम्बफेकी विमानाचं उत्पादन रशियातल्या कझानला पुन्हा सुरू केलं, जानेवारी 2022 मध्ये नव्या बांधणीचं विमान उडालंही, पण गती फार मंद. टीयू-95 तर आता बनतच नाही. रडार बदलता येतं, तारा बदलता येतात, सांगाडा गेला की विमान गेलं. 1 जून 2025 ला युक्रेननं ट्रकमधून सोडलेल्या छोट्या ड्रोननी तळांवर उभी टीयू-95 जाळली. त्याआधी 2023 मध्येच रशियातल्या एंगेल्सच्या हवाई तळावर या विमानांच्या पंखांवर गाड्यांचे टायर पसरलेले उपग्रहचित्रांत दिसले होते. हल्ला करणाऱ्या शस्त्राच्या कॅमेऱ्याला विमानाचा आकार ओळखू येऊ नये म्हणून, असा अंदाज होता.