पॉलिसी पाच, आणि विमा सात लाखांचा

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आहे. वय 42, मुलं बारा आणि नऊ वर्षांची, घरात पाच विमा पॉलिसी. साडूच एजंट. ते आता थोरल्याच्या नावाने सहावी काढा म्हणतात: वर्षाला 60 हजार, 15 वर्षं भरायचे, वीस वर्षांनी 16 लाख. प्रश्न एवढाच, की एकापेक्षा जास्त पॉलिसी असल्या तर सगळ्यांचे पैसे मिळतात का?

मिळतात. आयुर्विम्यात प्रत्येक पॉलिसीचा दावा स्वतंत्र असतो. फक्त नवा फॉर्म भरताना आधीच्या सगळ्या पॉलिसी लिहा, आणि फॉर्म साडूंना भरू देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. सोबत जोडलेली यादी मी दोनदा वाचली. पाचपैकी दोन पॉलिसी मुलांच्या जिवावर, एक वहिनींच्या. तुमच्या जिवावर दोनच, 2009 ची दोन लाखांची आणि नंतरची पाच लाखांची. वर्षाला 1 लाख 12 हजार भरून घरातल्या एकट्या कमावत्या माणसाचा विमा सात लाख! बागेवरचं कर्ज 14 लाख. तुमचं काही बरंवाईट झालं, तर सातच्या सात लाख बँकेत जाऊन वर तेवढंच देणं उरेल. मुलांच्या पॉलिसींचे हप्ते मग कोण भरणार? बाप गेला तर हप्ता माफ, असा रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) यादीत कुठे दिसत नाही. ज्याच्या कमाईवर घर चालत नाही त्या नऊ वर्षांच्या पोराचा विमा कशासाठी उतरवला, हे साडूंना एकदा विचाराच.

त्यांनी म्हणे 80सी ची, म्हणजे हप्त्यावरची प्राप्तिकराची सवलतही समजावली. अहो, तुमचं सगळं उत्पन्न शेतीचं. तुम्हाला करच नाही, तर सवलत कशातून घेणार?

सहाव्या पॉलिसीचा हिशोब: 9 लाख भरून 16 लाख, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. तेच पीपीएफमध्ये, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, वीस वर्षांनी 22-23 लाख होतात. त्यात तुम्ही लिहिलंय की हप्ते ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर येतात, म्हणून औषधं उधारीवर आणता आणि दुकानदार महिना दीड टक्का लावतो. वर्षाचे 18 टक्के मोजून साडेचार टक्के कमवायचे. बेदाण्याच्या सौद्यात असा भाव तुम्ही कुणाला दिला असता का?

तुम्हाला हवा आहे एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, साठीपर्यंतचा. तंबाखू नसेल तर हप्ता वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या घरात. (22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.) तंबाखू असेल तर तसं लिहा, हप्ता वाढू दे. अडचण येईल ती उत्पन्नाच्या पुराव्याची. कर नाही म्हणून तुम्ही रिटर्न भरत नाही, आणि कंपनी नेमकं तेच मागते. यंदापासून शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरा, सौद्याच्या पट्ट्या जपून ठेवा. तोवर मिळेल तेवढ्या रकमेचा टर्म घ्या.

तो हातात पडेपर्यंत जुनं काही बंद करू नका. मग मुलांच्या दोन्ही पॉलिसींची सरेंडर (आज मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर उरणारी) किंमत शाखेतून लेखी घ्या आणि मला कळवा. 2009 ची राहू दे. तिच्यावर नॉमिनी अजून तुमच्या आई आहेत, आणि त्या गेल्याचं तुम्हीच लिहिलंय. वहिनींचं नाव लावायला एक फॉर्म लागतो. तेवढं या आठवड्यातच उरका.