शेवटच्या दिवसांतले प्रश्न

प्रश्न : बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, बराच पसरलाय. आई म्हणते, त्यांना कळू द्यायचं नाही. मी काय करू?

उत्तर : आईची माया समजते. पण बाबांना बहुधा अंदाज आलेला असतो. नातेवाईक डॉक्टरांशी दाराबाहेर बोलतात, भेटायला आलेल्यांचे डोळे भरून येतात, हे त्यांना दिसतं. मग तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प आणि त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही गप्प. सगळं एकदम सांगू नका. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? आणखी जाणून घ्यायचंय का?" "नको, तुम्हीच बघा" म्हणाले, तर तसंच करा. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. भावाशी अबोला मिटवायचा असेल, गावच्या घरी एकदा जाऊन यायचं असेल, तर उरलेला वेळ त्यांचा आहे. तो आपण परस्पर खर्च करू नये.

प्रश्न : आईला मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, सुरू केलंय. मीच तिला मारतेय असं वाटतं.

उत्तर : नाही हो ताई. कमी मात्रेपासून सुरू करून वेदनेनुसार वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या.

प्रश्न : आजीने खाणं सोडलंय. नाकातून नळी घातली नाही तर तिला उपाशी ठेवल्यासारखं होईल ना?

उत्तर : आपल्याकडे माया ताटातूनच वाढली जाते, म्हणून हा प्रश्न फार सलतो. पण शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासं होतं. तेव्हा नळीने भरवल्यास छातीत कफ आणि त्रास वाढू शकतो. ओठ ओले ठेवा, मागितलं तर चमचाभर पेज द्या.

प्रश्न : मला व्हेंटिलेटर नको. आधी लिहून ठेवता येतं?

उत्तर : येतं. वर्षानुवर्षं जाणीव हरपलेल्या अवस्थेत असलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट मर्यादित स्वरूपात उघडली आणि ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. सुरुवातीला न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. वेळ आली की दोन वैद्यकीय मंडळं रुग्णाची अवस्था तपासतात. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं आजही गुन्हाच आहे. कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मुलांना समोर बसवून वाचून दाखवा आणि एक प्रत तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे द्या.