टाइमस्टेप कमी केला तरी फ्लॅप उडतोच!

प्रश्न: सर नमस्कार, मी सोलापुरातच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला पाण्याच्या पाइपमधल्या रबरी फ्लॅप व्हॉल्व्हचं एफएसआय (द्रव आणि घन एकमेकांवर काय परिणाम करतात त्याचं) सिम्युलेशन करायलोय, पाण्यासाठी ओपनफोम आणि रबरासाठी कॅल्क्युलिक्स हे दोन सॉल्व्हर प्रीसाइसने जोडलेत. हवा घातली की सगळं मस्त चालतंय, पाणी घातलं की तिसऱ्या-चौथ्या स्टेपलाच फ्लॅप वेडावाकडा होऊन रन बंद. टाइमस्टेप (एका स्टेपचा वेळ) दहापट कमी केला तर अजूनच लवकर उडायलाय! मेश (गणितासाठी पाडलेली जाळी) तीनदा नवा केला. सबमिशन तोंडावर आलंय सर, काय करू?

उत्तर: अरे बाळा, मेशला हात लावू नकोस आता. टाइमस्टेप कमी केल्यावर आणखी लवकर उडतंय, ही तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे, कारण साध्या सीएफडीत (नुसत्या प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये) याच्या बरोबर उलटं होतं.

आपली सोलापुरी चादर हवेत झटक, मग तीच हौदात बुडवून पाण्याखाली झटकून बघ. चादर तीच, हात तेच, पण हलता हलत नाही, कारण तिच्यासोबत आजूबाजूचं पाणीपण ढकलावं लागतं. याला म्हणतात ॲडेड मास. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोच्या आसपास, पाण्याची १०००, आणि तुझं रबर ११०० ते १२०० धर. म्हणजे हवेत फ्लॅपला पाठीवरचं ओझं जाणवतच नाही, पाण्यात मात्र ते त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं नाहीतर त्याहून जास्त होतं.

तुझं कपलिंग, म्हणजे दोन सॉल्व्हरची जोडणी, बहुतेक सीरियल-एक्सप्लिसिट असणार, कॉन्फिग फाइल उघडून बघ. त्यात पाणी एकदा दाब सांगतं, रबर एकदा हलतं आणि लगेच पुढची स्टेप, दोघांचं जमलं का हे कुणी विचारतच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जागेतली छोटी चूकसुद्धा लगेच मोठा दाब होऊन परत येते, आणि तीच चूक कमी वेळात भरून काढायची म्हटलं की प्रवेग वाढतो, प्रवेगासोबत दाब वाढतो, म्हणून टाइमस्टेप जेवढा लहान तेवढा फ्लॅप लवकर उडतो. द्रव आणि घनाची घनता जवळपास सारखी असली की असं कपलिंग टाइमस्टेप कितीही लहान केला तरी बिघडू शकतं, हे कॉसाँ, जर्बो आणि नोबिले या तिघांनी २००५ मध्ये रक्तवाहिनीचा सोपा नमुना घेऊन गणितानं दाखवलंय, तेव्हा तू काही येडा नाहीस, रिपोर्टमध्ये हे कारण बिनधास्त लिही.

आता सीरियल-इम्प्लिसिट कर. एकाच स्टेपमध्ये दोन्ही सॉल्व्हर पुन्हा पुन्हा चालतील, जोपर्यंत इंटरफेसवरचं (पाणी आणि रबर भेटतात तिथलं) सरकणं आणि फोर्स दोन्ही स्थिर होत नाहीत तोपर्यंत. सोबत रिलॅक्सेशन पाहिजेच, म्हणजे प्रत्येक आवर्तनात नवा बदल पूर्ण न घेता त्याचा थोडाच भाग घ्यायचा. ०.१ कायम ठेवलंस तर बरेचदा चालेल पण रात्र जाईल, एटकेन बरं, ते हा आकडा स्वतःच बदलत राहतं, आणि पाण्यासाठी मी तरी सरळ आयक्यूएन-आयएलएस घेतो, ते आधीच्या आवर्तनांवरून पुढचा अंदाज बांधतं. टॉलरन्स, म्हणजे दोन आवर्तनांत किती फरक चालेल ते, ०.०००१ पासून सुरू कर. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो, लॉग वाच! कमाल आवर्तनं ५० ठेवलीस आणि प्रत्येक स्टेप ५० वरच जाऊन थांबत असेल, तर रन पुढं सरकतोय म्हणून खूश होऊ नकोस, ते उत्तर जुळलेलंच नाही.

तुझा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का? इनलेटला (पाणी आत येतं तिथं) वेग ठरवून दिलाय आणि फ्लॅपनं वाट अडवली तर पाण्यानं जायचं कुठं, तिथं कुठलंच कपलिंग तुला वाचवणार नाही, इनलेटला दाब दे.

आणि स्वतःच्या पाइपआधी ट्युरेक-ह्रोनचं २००६ चं एफएसआय-३ हे नमुन्याचं गणित चालवच, त्याचं उत्तर आधीच माहीत आहे. १० सेंमी व्यासाच्या सिलिंडरमागं ३५ सेंमी लांब, २ सेंमी जाड पट्टी, पट्टी आणि द्रव दोन्हींची घनता १०००, सरासरी वेग सेकंदाला २ मीटर, आणि तो वेग पहिल्या २ सेकंदात हळूहळू वाढवायचा, एकदम नाही. पट्टीचं टोक मधल्या जागेपासून वर ३४ आणि खाली ३४ मिमीच्या आसपास आणि सेकंदाला ५.३ वेळा हललं पाहिजे. हे जमलं तर सेटअपवर भरवसा ठेव.

प्रश्न: माझा फ्लॅप उडत नाही, हलतच नाही. अंदाजाच्या हजाराव्या भागाएवढाच वाकतो. फोर्स मी ओपनफोममधून स्वतःच्या स्क्रिप्टनं काढून पाठवते. — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: ताई, हजार हा आकडाच सांगतोय. ओपनफोमचे इनकॉम्प्रेसिबल (द्रव दाबला जात नाही असं धरणारे) सॉल्व्हर दाब घनतेनं भागून ठेवतात. दाबाच्या फाइलमध्ये डायमेन्शन्सची ओळ बघा, पहिला आकडा शून्य दिसला म्हणजे त्यात किलो नाहीच. स्क्रिप्टमध्ये १००० नं गुणा.

टूडी केस असेल तर एका सेलची जाडी पण तपासा, द्रवाकडं १ सेंमी आणि घनाकडं १ मीटर असं झालं की आणखी शंभराचा घोळ. कॅल्क्युलिक्सला युनिट कळत नाही, मिमी आणि मेगापास्कल वापरत असाल तर घनता टन प्रति घन मिमीत द्या. त्यानंतरही थोडा ताठच वाटला तर एलिमेंट बघा, साधा सी३डी८ (आठ कोपऱ्यांचा ठोकळा) वाकताना उगाच कडक होतो, त्याचाच सुधारलेला सी३डी८आय घ्या, आणि पाणी न जोडता नुसत्या फ्लॅपवर थोडासा एकसारखा भार ठेवून टोकाचं वाकणं कँटिलिव्हरच्या (एकाच टोकाला पक्क्या पट्टीच्या) सूत्राशी ताडून बघा.