जपानला गेल्यावर काफुनशो (परागकणांची अॅलर्जी) सगळ्यांनाच होतो का? पूर्वी नव्हता म्हणतात, मग आत्ताच एवढा का वाढला?

फेब्रुवारीत टोकियोला शिफ्ट होताय असं लिहिलंय म्हणून आधी कामाचं सांगतो, पहिल्या वर्षी बहुतेक काही होणार नाही. मलाही पाच वर्षं काही झालं नव्हतं, ऑफिसातले मास्क लावून शिंकत बसायचे आणि मी मनात म्हणायचो आम्ही पुण्याच्या धुळीत वाढलेले, आम्हाला काय होतंय. सहाव्या मार्चात डोळे चोळून चोळून लालबुंद, शिंका एका दमात दहा-बारा. रक्त तपासलं तर ० ते ६ च्या मोजपट्टीवर सुगीच्या परागकणांना क्लास ४. (नाव सुगी, पण आपल्या सुगीशी काही संबंध नाही हां, दार्जिलिंगला ज्याला धुपी म्हणतात तेच झाड.) आणि धुळीतल्या किड्यांना, म्हणजे इथल्या भाषेत दानीला, क्लास ३! तो बहुतेक लहानपणापासूनचाच असणार, आई गाद्या झटकायला लागली की माझं नाक गळायचं आणि आजी म्हणायची पोराची कफाची प्रकृती आहे.

शरीर दर सीझनला परागकण बघत बघत त्यांच्याविरुद्ध आयजीई (अॅलर्जी घडवणारी अँटिबॉडी) बनवायला लागतं, त्याला काही वर्षं लागतात म्हणून नवीन माणूस सुरुवातीला मजेत असतो. रक्तात पॉझिटिव्ह पण त्रास शून्य असेही खूप असतात.

आता वाढला का, तर हो. सुगीच्या काफुनशोची पहिली नोंद १९६४ ची, टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्को गावची. आता निक्कोतली सुगीची रांग सतराव्या शतकातली आहे, म्हणजे झाड काही नवीन नाही. पण युद्धानंतर उजाड झालेल्या डोंगरांवर सरकार सरळ आणि लवकर वाढणारं झाड म्हणून सुगी लावत सुटलं, नंतर बाहेरचं लाकूड स्वस्त पडायला लागलं आणि ही झाडं तोडायला कोणी जाईना, आणि पंचवीस-तीस वर्षांची झाली की ती भरभरून पराग सोडतात. आज ४० लाख हेक्टरच्या वर नुसती सुगी आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि त्यांच्या घरचे यांचाच एक देशभराचा सर्वे होतो (सँपल जरा मजेशीरच), त्यात सुगीचा त्रास असलेले १९९८ ला १६.२ टक्के, २००८ ला २६.५ आणि २०१९ ला ३८.८. त्याच सर्वेत वर्षभर चालणारी अॅलर्जी, जी मुख्यतः दानीची, ती १८.७, २३.४ आणि २४.५. म्हणजे दुसऱ्या दहा वर्षांत दानीवाले जवळपास जागेवरच आणि सुगीवाले सुसाट. आजकालच्या लोकांची इम्युनिटीच गेली, सगळे फार स्वच्छ राहतात वगैरे जे बोलतात ते मला म्हणूनच पूर्ण पटत नाही, तसं असतं तर दोन्ही सारखेच वाढायला हवे होते ना. माझ्या मते निम्मं उत्तर तरी डोंगरावर उभंय. सरकारने २०२३ ला ठरवलंय की तीस वर्षांत पराग निम्मे करायचे, तोपर्यंत मी रिटायर.

त्रास सुरू झालाच तर पुढच्या वर्षीपासून सीझनच्या आधीच डॉक्टरकडे जाऊन गोळ्या चालू करा, शिंका सुरू झाल्यावर धावण्यात अर्थ नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचा कोर्सपण आहे, तीन ते पाच वर्षं रोज, माझं दुसरं वर्ष चालूय आणि या मार्चला शिंका अर्ध्यावर आल्या. मार्चमधे कपडे बाल्कनीत वाळत घालू नका, माझ्या काळ्या जॅकेटवर हळद सांडल्यासारखा पिवळा थर बसला होता आणि मी शहाण्याने तो तिथेच झटकला.