पापक्षालन, पापक्षमा आणि ‘कुठं फेडशील?’

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या चर्चच्या उपासनेची मराठी पत्रिका त्यांनी तयार केली आणि एका भागाला ‘पापक्षालनाची प्रार्थना’ असं शीर्षक दिलं. मंडळीतल्या एका आजोबांनी ते खोडून ‘पापक्षमेची प्रार्थना’ केलं आणि म्हणाले, “क्षालन रामकुंडावर. आपल्याकडे क्षमा.” ताई विचारतात, दोन्हींचा अर्थ एकच ना? मग बरोबर कोण?

ताई, त्या जागेवर आजोबांचा शब्द जास्त नेमका आहे. पण त्यांनी दिलेलं कारण मला पटत नाही. क्षालन हिंदूंचं आणि क्षमा ख्रिस्त्यांची अशी वाटणी ना मराठीत आहे ना बायबलमध्ये.

आधी क्षालन घेऊ. संस्कृत ‘क्षल्’ म्हणजे धुणे. पादप्रक्षालन, हस्तप्रक्षालन, पंढरपूरची प्रक्षाळपूजा हे सगळे शब्द याच धातूचे. मी पंचवटीत राहतो. पहाटे गोदावरीवर स्नानाचा संकल्प कानावर पडतो, त्यात ‘पापक्षयार्थ’ असतंच. २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक याच भावनेनं इथे येतील. म्हणून आजोबांना क्षालन म्हटलं की रामकुंड आठवलं, यात नवल नाही. पण त्या पाण्याबद्दलचा सर्वांत कडक प्रश्न मराठी संतांनीच विचारला आहे. तुकोबा म्हणतात, ‘जाऊनियां तीर्थां काय तुवां केलें । चर्म प्रक्षाळिलें वरी वरी ॥’ नेमकं तेच क्रियापद, प्रक्षाळणे. कातडं धुतलं, आत काय झालं? ‘प्याला बाहेरून घासता, आतून कधी घासणार?’ असं परूश्यांना, म्हणजे नियमांना काटेकोर असलेल्या यहुदी पंथाच्या लोकांना, विचारणारा येशू आणि देहूचा हा वाणी एकाच ठिकाणी बोट ठेवतात.

दुसरीकडे बायबल तर धुण्याच्या भाषेनं भरलेलं आहे. एकावन्नावं स्तोत्र घ्या. परंपरेनं ते दाविदाच्या पश्चात्तापाचं स्तोत्र मानतात. त्यात तो म्हणतो, मला धू म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन. हिब्रूत धुण्याची दोन वेगळी क्रियापदं आहेत. अंग धुण्यासाठी ‘राहाट्स’, आणि कपडे तुडवून, रगडून धुण्यासाठी ‘किब्बेस’. दाविदानं स्वतःसाठी दुसरं वापरलं आहे. मराठीत अंगही धुतात आणि कपडेही धुतात, त्यामुळे हा फरक भाषांतरात उतरत नाही. पण आपल्याकडे ‘धुणं’ हे नाम आहे. घाटावरच्या दगडावर आपटलेलं, पिळलेलं, ताणून वाळत घातलेलं धुणं डोळ्यांपुढे आणा. ‘देवा, माझं धुणं कर’ असं तो म्हणतोय. डुबकी मारून लगेच बाहेर यायची तयारी त्यात नाही, आपटून घ्यायची तयारी आहे.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं वचनही याच जातीचं. तुमची पापं किरमिजासारखी तांबडी असली तरी लोकरीसारखी पांढरी होतील, असा त्याचा आशय. इथला ‘किरमिज’ हा शब्द मला फार आवडतो. हा तांबडा रंग एका किड्यापासून काढत. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा, आणि तो आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊ. हिब्रू मुळात या जागी जो ‘तोला’ शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ किडाच. पक्का, धुतला तरी न जाणारा रंग. इतका तंतोतंत जुळणारा शब्द मराठीत मिळाला, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तेव्हा क्षालन ख्रिस्ती लेखनात परकं नाही. प्रेषित पौलाला हनन्या नावाचा शिष्य सांगतो, ऊठ, बाप्तिस्मा घे आणि पापं धुऊन टाक. तिथलं ग्रीक क्रियापद अशा रूपात आहे की ज्याला धुवायचं तोच पुढे होतो, पण धुणारा तो एकटा नसतो. या रूपाला मराठीत ‘घेणे’ छान बसतं: धुऊन घे. केस कापून घेतो, दाढ काढून घेतो, तसं. जातो आपण, हात दुसऱ्याचा चालतो.

आता क्षमा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

‘क्षम्’ या धातूचा अर्थ सोसणे. म्हणून ‘क्षमा’ हे पृथ्वीचंही नाव आहे, कारण ती सगळं सोसते. म्हणजे आपल्या क्षमेत सोसणाऱ्याचा मोठेपणा आहे. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘आफेसिस’ मात्र वेगळ्या घरचा. त्याचा अर्थ सोडणे, सोडून देणे. बंदिवानाला सोडतात, ऋणकोला सोडतात, तसं. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते, ऋण आणि पाप. म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना जुन्या मराठी भाषांतरात अशी येते: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ लहानपणी शरणपूरच्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी जेवणाआधी ही प्रार्थना ऐकली तेव्हा मला वाटलं होतं, हे लोक देवाकडे उधारीचं काय बोलतायत? पुढे कळलं की मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी हीच. ‘क्षमा कर’पेक्षाही जवळ.

आणि हे मराठीला परकंही नाही. माझी आजी ताटात अन्न टाकलं की म्हणायची, “कुठं फेडशील हे पाप?” ही ओळ तुम्हीही ऐकली असेल. पाप फेडायचं असतं, ऋणासारखं. ‘फेडणे’ आणि ‘फिटणे’ ही जोडी पाहा. ऋण फिटतं, नवस फिटतो, सुतक फिटतं, पांग फिटतात आणि पापही फिटतं. जिथे म्हणून माणसाच्या अंगाला काही बांधलेलं आहे आणि ते सुटायला हवं, तिथे मराठी हेच क्रियापद वापरते. जुन्या मराठीत अंगावरचं लुगडंही ‘फेडत’. म्हणजे पाप आणि ऋण एकच, ही अरामीतली कल्पना मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ती आजीनं शिकवलेलीच असते.

फरक पुढे पडतो, आणि तो क्रियापदात आहे. फेडतो तो ऋणको. सोडतो तो सावकार.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनं सांगितलेला दाखला पाहा. एका दासाकडे राजाचे दहा हजार तालंत येणं आहेत. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार करा: सहा कोटी दिवसांची मजुरी. दीड लाखाहून जास्त वर्षं झाली ती. आणि हा दास पाया पडून म्हणतो काय, तर मुदत द्या, सगळं फेडतो! राजा मुदत देत नाही. तो ऋणच सोडतो. तोच दास बाहेर पडून आपल्याला शंभर दीनार देणं असलेल्याचा गळा धरतो, ही पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. दासाच्या तोंडात ‘फेडणे’ आणि राजाच्या हातात ‘सोडणे’, या दोन क्रियापदांवर सगळा दाखला उभा आहे.

या जिल्ह्यात कांदा आणि द्राक्ष पिकवणाऱ्याला हा फरक सांगायला नको. कर्जफेड आणि कर्जमाफी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. ‘माफ’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या धातूत पुसून टाकण्याचाही अर्थ आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलच्या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तुमची पापं पुसून टाकली जावीत म्हणून पश्चात्ताप करा आणि वळा. वहीतलं येणं पुसलं जावं, तसं.

म्हणून ताई, ‘पापक्षालन’ आणि ‘पापक्षमा’ यांतला खरा फरक कर्त्याचा आहे. क्षालन माणूस एकटाही करू शकतो. नदी आहे, पाणी आहे, आपण आहोत. क्षमा एकट्याला करताच येत नाही. तिला देणारा लागतो. ‘पापक्षालनाची प्रार्थना’ या शीर्षकात देणारा दिसत नाही, ‘पापक्षमेची प्रार्थना’ म्हटलं की तो समोर उभा राहतो. आजोबांच्या कानाला हे जाणवलं असणार, फक्त त्यामागचं कारण त्यांना नेमकं सांगता आलं नाही.

पण क्षमा आली म्हणून धुणं बाद होत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या पहिल्या अध्यायाचं नववं वचन पाहा: ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील व आपल्याला सर्व अनीतीपासून शुद्ध करील.’ क्षमा करील आणि शुद्ध करील. एक ऋणाचं, एक डागाचं. वही कोरी झाली तरी अंगावरचा मळ वेगळा जावा लागतो. दोन्ही क्रियापदांचा कर्ता मात्र ‘तो’.

मग माणसानं काय करायचं? पदरी घ्यायची. या भाषांतरकाराला माझा दंडवत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तेच म्हणणे’, देव जे म्हणतो तेच आपणही म्हणणे, म्हणजे कबूल करणे. ‘कबूल केली’ असं लिहून चाललं असतं. त्यानं लिहिलं ‘पदरी घेतली’. पदर म्हणजे जे स्वतःचं म्हणून घ्यायचं ते घेण्याची जागा. भिक्षा पदरात घेतात, ओटी पदरात भरतात, मूल पदरात घालतात. पाप दुसऱ्याच्या पदरात टाकणं सोपं. ‘त्यानं असं केलं म्हणून मी तसं केलं’ हे आपण दिवसातून चारदा म्हणतो. आपलं आपल्या पदरी घेणं अवघड, आणि क्षमेची सुरुवात तिथूनच होते. उपासनेत म्हणतात तो ‘पापांगीकार’ याच अर्थाचा, फक्त संस्कृत वेशातला. कोकणी कॅथलिक ‘कुमसार’ म्हणतात, तो पोर्तुगीजवरून आलेला. पण ‘पदरी घेणे’ची सर या दोघांनाही नाही.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाची गंमत थोडक्यात. आपल्याकडे प्रायश्चित्त घेतात, देतात, करतात, भोगतात. हे सगळं ज्यानं पाप केलं त्याच्याभोवती फिरतं. योहानाच्या त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मात्र येशूबद्दल वाक्य येतं, ‘तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे.’ प्रायश्चित्त ‘आहे’! एक माणूस प्रायश्चित्त असू शकतो, हे वाक्य मराठीत त्याआधी कुणी उच्चारलं नसेल. शब्द धर्मशास्त्राचा, जुनाच. वाक्यरचनेनं त्याला नवा अर्थ दिला.

जाता जाता नाशिकजवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं, बाहेरून आलेलं काहीही धुतल्याशिवाय चालत नसे, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. मला त्या घरातला धाक जाणवतो. कितीही धुतलं तरी पुरेसं धुतलं का, ही शंका. विटाळ आणि पाप एकमेकांत मिसळले की माणसाची ही दशा होते. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातही विटाळ वेगळा आणि पाप वेगळं आहे. बाळंतीण अशुद्ध मानली जाई, पण ती पापी नव्हे. तुमच्या पत्रिकेत ‘अशुद्ध’ शब्द कुठे आला असेल, तर तो कोणत्या अर्थानं आला आहे ते एकदा तपासून घ्या.

आता पत्रिकेचं. कबुलीच्या भागाला ‘पापांगीकार’ आणि त्यानंतरच्या भागाला ‘पापक्षमेची प्रार्थना’ असं ठेवा. तुमचं ‘क्षालन’ वाया जाणार नाही, त्याची जागा पवित्र गुरुवारी आहे. त्या संध्याकाळच्या विधीला ‘पादप्रक्षालन’ म्हणा. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागल्यावर पेत्रानं आधी नकार दिला आणि मग लगेच हात आणि डोकंही धुवा म्हणाला, तेव्हा येशूनं सांगितलं की ज्याचं स्नान झालं आहे त्याला पाय धुणं पुरे. ग्रीकमध्ये तिथे दोन क्रियापदं आहेत, सर्वांगस्नानाचं वेगळं आणि हातपाय धुण्याचं वेगळं. ‘स्नान’ आणि ‘प्रक्षालन’ हा फरक मराठीत जसाच्या तसा राखता येतो, तेव्हा तो राखा. आजोबांना हे दाखवा, त्यांना आवडेल असं वाटतं.

आणि एक शुद्धलेखनाचं. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात तीन ठिकाणी ‘पश्चाताप’ झालं आहे. मूळ ‘पश्चात्’ अधिक ‘ताप’, म्हणून ‘पश्चात्ताप’, दोन त. छापायला देण्याआधी तेवढं दुरुस्त करून घ्या.